आफ्रिकेची तूर आणि तिच्या मुळांखालची माती

कडधान्याच्या व्यापारातील आमच्या सभासद बंधूंस अरुषा, मटवारा, गजरी ही नावे नवी नाहीत. ब्रह्मदेशाच्या लेमन तुरीच्या जोडीने ती मुंबईच्या बाजारभावांत वाचावयास मिळतात. देशी तुरीचा नवा माल येण्यास अद्याप अवकाश असतो, अशा टंचाईच्या दिवसांत हा माल न्हावा-शेवा बंदरात उतरतो. अरुषा टांझानियाच्या उत्तर भागातील, मटवारा त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर, गजरी मोझांबिकची. मलावीची लाल तूरही याच पंक्तीतली. दाण्याचा रंग, ओलावा, डागी माल यांवरून आम्ही भाव बांधतो. तथापि ज्या मातीतून हा दाणा येतो तिची कथा व्यापाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. कारण तिचा एक धागा आपल्याच बाजारात येऊन पोहोचतो.

मलावी आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील पुष्कळशी जमीन अतिप्राचीन, झिजलेली, तांबडी आहे. मलावीतील बहुतेक शेतकऱ्यांजवळ अडीच एकरही शेत नसते, आणि त्यात वर्षानुवर्षे मका. कारण मक्याच्या पिठाची घट्ट ‘न्सिमा’ हेच तेथील रोजचे अन्न. मक्यास नत्र भरपूर लागते. २००६ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रांची खतविषयक परिषद भरली, त्या वेळी तेथील खताचा सरासरी वापर हेक्टरी सुमारे ८ किलो होता. २०१५ पर्यंत तो ५० किलोंवर नेण्याचा संकल्प सोडण्यात आला, पण तो तडीस गेला नाही. समुद्रापासून दूर असलेल्या देशात खताचे पोते पोहोचेपर्यंत वाहतुकीचा खर्च किती चढतो, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

आता तुरीकडे वळू. १९७२ साली हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथील बीजसंग्रहात तुरीचे तेरा हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. या संस्थेच्या आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जातींची जमीन आहे, आणि ही गोष्ट संशोधनास मोठी उपकारक ठरली. स्फुरदाचे खत न घालता तांबड्या जमिनीत पेरलेली इतर पिके खुरटली. तूर मात्र तग धरून वाढली. आए, अरिहारा आदी शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधून १९९० साली प्रसिद्ध केले. तांबड्या मातीत स्फुरद नसते असे नाही. ते लोहाशी जखडलेले असते. खात्यावर जमा दिसावी आणि हाती रोकड नसावी, तसा तो प्रकार. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल नावाचे एक द्रव्य पाझरते. ते लोहास स्वतःशी बांधून घेते आणि स्फुरद मोकळे होते. शिवाय तुरीच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र बांधतात, आणि गळलेल्या पानांवाटे त्याचा काही भाग जमिनीस परत मिळतो. तूर घेतलेल्या रानात पुढचे पीक चांगले येते, हे आपल्या शेतकऱ्यासही ठाऊक असतेच. त्यामागील रसायन मात्र असे उलगडले.

मलावीत तुरीस ‘नांडोलो’ म्हणतात. सीग्लिंडे स्नॅप आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे प्रयोगांची एक साधी पण कुशल रीत बसविली. गावात एक मोठा ‘माता’ प्रयोग शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली चालावा, आणि भोवतीच्या शेतांत शेतकऱ्यांनी स्वतः त्यातील दोनचार प्रकार निवडून ‘बाल’ प्रयोग करावेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, तुरीसारख्या झुडूपवर्गीय शेंगापिकांशी फेरपालट केल्यास निम्म्या खतात मक्याचे तेवढेच उत्पन्न येते. आणि वर्षावर्षांतील चढउतार २२ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर येतो. भुईमूग आणि तूर एकत्र पेरण्याची पद्धतही तेथे रुजू लागली. तूर आरंभी सावकाश वाढते. ती अंगाने भरेपर्यंत भुईमूग निघून गेलेला असतो. वाळल्या तुराट्या चुलीस होतात. सरपणासाठी मैलोगणती चालणाऱ्या स्त्रियांना हा लाभ दाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

अडचणीही आहेत. मका निघाल्यावर गावची जनावरे मोकळी सुटतात, आणि उभी तूर शेळ्यांच्या तोंडी जाते. दुसरा शत्रू मर रोग. त्यावर इक्रिसॅटच्या आफ्रिकेतील शाखेने रोगास दाद न देणारा एक वाण निवडला. २००० साली तो मलावीत ‘काचांगू’ या नावाने, आणि पुढे टांझानियात ‘माली’ या नावाने प्रसृत झाला. स्वाहिली भाषेत माली म्हणजे संपत्ती.

ही संपत्ती किती चंचल, ते २०१७ साली दिसले. २०१५-१६ मध्ये भारतात तुरीचे पीक सुमारे २५ लाख टनांवरच थांबले होते, आणि डाळीचे भाव गगनाला भिडले होते. २०१६ च्या जुलैत भारताने मोझांबिकशी करार केला; खरेदी एक लाख टनांपासून वाढवीत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर न्यायची होती. तेथील शेतकऱ्यांनी तूर वाढविली. इकडे आपल्या शेतकऱ्यांनीही तेच केले. २०१६-१७ चे पीक ४८ लाख टनांच्या घरात गेले. ५ ऑगस्ट २०१७ रोजी भारताने आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातील माल त्यातून वगळला होता, तरी मोझांबिकमधील भाव कोसळले. आफ्रिकेत नेमका तो सुगीचा काळ होता. देशी शेतकऱ्यास भाव मिळावा हा हेतू रास्तच. आक्षेप घ्यावयाचाच तर तो पूर्वसूचनेच्या अभावास. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. मलावीशी वर्षाला पन्नास हजार टनांचा करारही त्याच वर्षी झाला.

भाव पडला की तेथील शेतकरी तूर सोडून पुन्हा निव्वळ मक्याकडे वळतो, आणि जमिनीस मिळणारे नत्र व पालापाचोळा तेथेच थांबतो. धान्याचे नुकसान एका हंगामाचे. मातीचे तसे नाही. म्हणून मुदतीचे सौदे आणि आयातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे, ही मागणी व्यापारी संस्थांनी शासनाकडे लावून धरावी असे आम्हांस वाटते. मलावीत तूर पेरली जाते नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात, आणि हाती येते जुलैनंतर.