स्पीकर टाकू नका, पिन बदला!

बारामती-इंदापूरकडे आता बऱ्याच घरांत कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्याजवळ दोन लहान स्पीकर. मुलांचे धडे त्यावर, आजीचे भजन त्यावर, मोबाइल जोडला की बारामतीच्या वसुंधरा वाहिनीवरचा कार्यक्रमही त्यावरच. एके दिवशी एका बाजूचा आवाज जातो. वायर हलवली की खरखर होऊन परत येतो. घरात लगेच निकाल लागतो, "गेला! नवा आणा."

वाचकहो, जरा थांबा. विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर आपण ती भंगारात घालतो का? आधी फ्यूज पाहतो. इथेही तसेच करावे.

स्पीकर दुसऱ्या यंत्राला जोडून पाहा. तिथे नीट वाजला, तर दोष कॉम्प्युटरचा. तिथेही खरखर झाली आणि पिनेपाशी वायर वाकवताच आवाज येऊ-जाऊ लागला, तर वायर तिथे आतून तुटली आहे. पिन काढताना आपण वायरच ओढतो, त्याचे हे फळ.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजातल्या पाव इंची पिनेची ही धाकटी बहीण. तिच्यावर दोन काळ्या रेघा व तीन भाग असतात. टोक डाव्या आवाजाचे, मधले कडे उजव्याचे, मागचा भाग दोघांचा सामाईक. दुकानात "साडेतीन एमएमची स्टिरिओ पिन" म्हणून मागा. थोडक्या पैशांत मिळते.

आता काम. प्रथम स्पीकरचा प्लग बोर्डातून काढा. जुनी पिन दोन-तीन बोटे वायर सोडून कापा. नव्या पिनेचे टोपण आधीच वायरीत ओवून ठेवा. हे विसरलात, तर केलेला डाख पुन्हा सोडवावा लागेल! वायर सोला. बहुधा लाल तार उजव्याची, पांढरी किंवा हिरवी डाव्याची, उघडे तांबे सामाईक. मात्र रंगांवर विसंबू नका. तारांना रंगाचा मुलामा असेल तर ब्लेडने हलका खरवडा, नाहीतर डाख धरणार नाही. डाख थोडाच द्या, तारा एकमेकींना लागू देऊ नका. पिनेची मागची पकड वायरीच्या सालीवर दाबा, म्हणजे ओढ डाखावर येणार नाही. टोपण लावण्यापूर्वी वाजवून पाहा. डावे-उजवे उलटले असेल तर दोन तारा बदला.

काम करताना खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना दूर बसवा, नंतर हात धुवा; डाखात शिसे असू शकते. स्पीकरची पेटी मात्र उघडू नका. घरची २३० व्होल्टची वीज तिच्या आत आलेली असू शकते. ते काम जाणत्या कारागिराचे.

शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीला किंवा मुलाला हे शेजारी बसून पाहू द्या. पुढच्या वेळी शेजाऱ्यांचा स्पीकर तेच दुरुस्त करतील. आणि घरात सर्वांना एक सांगून ठेवा : पिन काढायची ती पिनेला धरून, वायरीला नव्हे.