सहलीची आठवण आणि मुलांचें वय

परीक्षा संपत आल्या म्हणजे घरोघरीं सुटींतील प्रवासाचे बेत शिजूं लागतात. पूर्वीं हे बेत आजोळ, कोंकणांतील घर किंवा कुलदैवताचें दर्शन एवढ्यांत आटपत असत. आतां त्यांत खोपोलीजवळच्या इमॅजिकापासून अमेरिकेंतील डिस्नेलॅण्डपर्यंत निरनिराळीं थीम पार्कें येऊन बसलीं आहेत. चर्चा रंगांत आली, तिकिटांचे हिशेब मांडून झाले कीं, इतका वेळ स्वस्थ बसलेली आजी हळूच विचारते, “अरे, एवढा पैसा ओतून नेतो आहेस खरा, पण या पोराला मोठेपणीं त्यांतलें कांहीं आठवणार आहे का?” क्षणभर सगळे गप्प होतात, आणि मग कोणीतरी विषय हसण्यावारी नेतें. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. अशा प्रवासाला पैसा पुष्कळ लागतो व तो पुन्हां पुन्हां घडत नाहीं. शिवाय मुलाचें वय चढत असतें, त्याच वेळीं आजीआजोबांचें उतरत असतें. एकासाठीं थांबावें तर दुसऱ्याची संधि निघून जाते. तेव्हां मुलांच्या स्मृतीविषयीं आज काय ठाऊक झालें आहे, हें आधीं पाहून मग बेत ठरविणें शहाणपणाचें होईल.

थीम पार्काची कल्पना मुळांत एका बापाच्याच मनांत आली. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुटीच्या दिवशीं लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कांत फिरत्या घोड्यांवर बसवीत व स्वतः बांकावर बसून राहत. आईबापांना आणि मुलांना मिळून रमतां येईल असें एखादें ठिकाण कां असूं नये, असा विचार तेथें बसल्या बसल्या सुचला, असें ते पुढें सांगत. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनहाइम येथें डिस्नेलॅण्ड उघडलें, आणि १९७१ सालीं फ्लोरिडांत त्याचें मोठें भावंड डिस्ने वर्ल्ड सुरू झालें. आपल्याकडे १९८९ सालीं मुंबईच्या गोराई भागांत एस्सेल वर्ल्ड निघालें. खाडीवरून होडीनें तेथें जाणें यांतच मुलांना अर्ध्या सहलीचा आनंद वाटे. २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका आलें. एस्सेल वर्ल्ड २०२२ सालीं बंद झालें. पण शाळेंत असतांना ज्यांनीं तें पाहिलें, तीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि आपल्या मुलांना कोणत्या वयांत कोठें न्यावें हा प्रश्न आतां त्यांच्यापुढें उभा आहे.

मोठ्या माणसांना त्यांची अगदीं पहिली आठवण विचारली, तर ती सरासरीनें साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्यापूर्वींचें सारें कोरें असतें, आणि पुढच्या दोनतीन वर्षांतल्या आठवणीही तुरळक व तुटक असतात. या प्रकाराला बाल्यविस्मृति म्हणतां येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मानसशास्त्रज्ञ तिचा विचार करीत आले आहेत, आणि फ्रॉइडच्या लेखनामुळें ती विशेष प्रसिद्धीस आली. मात्र यावरून लहान मुलांना कांहीं आठवतच नाहीं असें समजूं नये. तीन वर्षांची नात दिवाळींतली गोष्ट संक्रांतीला बिनचूक सांगते, हें कोणत्या घरानें पाहिलें नाहीं?

मग ती आठवण जाते केव्हां? अमेरिकेंतील एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बाउअर व मरीना लार्किना यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें उत्तर सांपडतें. तीन वर्षांच्या मुलांशीं त्यांच्या आयांनीं नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयीं गप्पा माराव्या, त्या टिपून ठेवाव्या, आणि पुढें कांहीं मुलांना पांचव्या, कांहींना सहाव्या, याप्रमाणें नवव्या वर्षापर्यंत त्याच प्रसंगांविषयीं विचारावें, अशी त्यांची रीत होती. पांच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतील ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठनऊ वर्षांच्या मुलांना मात्र ४० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तिसऱ्या वर्षींची आठवण त्या वर्षींच पुसली जात नाहीं. ती शाळेच्या पहिल्यादुसऱ्या इयत्तांत हळूहळू निसटते. सहाव्या वर्षीं मूल सहलीचें वर्णन रंगवून सांगतें म्हणून आईबाप निर्धास्त होतात, आणि नवव्या वर्षीं तेंच मूल त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतें.

याचीं कारणें एकाहून अधिक आहेत. प्रसंगांची स्मृति बांधणारा मेंदूचा भाग या वयांत अजून घडत असतो. दुसरें कारण भाषेचें. न्यूझीलंडमधील गॅब्रिएल सिमकॉक व हार्लीन हेन यांनीं २००२ सालीं एका गमतीच्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. सवादोन ते सवातीन वर्षांच्या मुलांना त्यांनीं एक जादूचें यंत्र दाखविलें: मोठें खेळणें आंत टाकावें, दांडा फिरवावा, कीं तसलेंच लहान खेळणें बाहेर यावें. सहा महिन्यांनीं वा वर्षानें विचारतां मुलांना तें यंत्र ओळखतां येई, करून दाखवितां येई. परंतु तोंडी सांगतांना त्यांनीं एकही असा शब्द वापरला नाहीं, जो यंत्र पाहिलें त्या दिवशीं त्यांना येत नव्हता. मधल्या काळांत भाषा कितीतरी वाढली होती, पण जुन्या आठवणीला नवे शब्द चिकटले नाहींत. ज्या प्रसंगाची गोष्ट मुलाला त्या वेळीं सांगतां येत नाहीं, ती पुढें जन्मभर सांगतां येण्याचा संभव थोडाच.

आपल्या विषयाशीं थेट संबंध असलेला अभ्यास हॅमंड आणि फायवुश या दोघींनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला आहे. डिस्ने वर्ल्ड पाहून आलेल्या ४८ मुलांशीं त्या बोलल्या. निम्मीं मुलें प्रवासाच्या वेळीं नुकतींच तीन वर्षांचीं झालेलीं, निम्मीं चार वर्षांचीं. कांहींना सहा महिन्यांनीं विचारलें, कांहींना दीड वर्षानें. दीड वर्ष लोटलें तरी सर्वच मुलांना पुष्कळ आठवत होतें. परंतु मोठीं मुलें बारीकसारीक तपशील देत व आपणहून सांगत. धाकट्यांना प्रश्न विचारून विचारून तें काढून घ्यावें लागे. आणखी एक गोष्ट त्यांत दिसली, ती आपण विशेष ध्यानांत ठेवावी: ज्या घरीं त्या प्रवासाविषयीं वारंवार बोलणें होई, तेथील मुलांना अधिक आठवे.

तेव्हां आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें तर असें देतां येईल. दोन वर्षांच्या मुलाला पुढें कांहीं आठवणार नाहीं. तीनचार वर्षांच्या मुलाला वर्षदोन वर्षें आठवेल, आणि मग बहुतेक विरून जाईल. पांचव्या वर्षापासून कांहीं प्रसंग टिकूं लागतात, आणि सहा ते आठ या वयांत जें पाहावें तें मोठेपणापर्यंत बरेंचसें पुरतें. इतर सोईही याच वयांत जमतात. मूल दिवसभर चालूं शकतें, रांगेंत धीर धरतें. उंचीची अडचणही फारशी उरत नाहीं. डिस्नेलॅण्डमधील स्पेस माउंटनवर ४० इंचांहून कमी उंचीच्या मुलाला बसूं देत नाहींत, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरावें लागलेल्या मुलाला समजावणें किती कठीण, हें आयांना सांगावयास नको. अमेरिकेंतील डिस्नेच्या उद्यानांत तीन वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाहीं. ज्या वयाचें कांहींच आठवणार नाहीं, त्या वयाचे पैसे तेही घेत नाहींत, असें गमतीनें म्हणावें.

आपल्या घरांना हा हिशेब अगदींच नवा नाहीं. बारसें, उष्टावण, जावळ हे विधि आपण हौसेनें करतों, पण ते मुलाला आठवावे अशी अपेक्षा कोणी धरीत नाहीं. त्यांचा आनंद घरच्यांचा. मुंजीचें वय मात्र गृह्यसूत्रांनीं आठवें सांगितलें. त्यामागें स्मृतीचा विचार होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. तरी बटूला आपली मुंज, मातृभोजनाचें ताट आणि पहिली भिक्षा जन्मभर आठवते, हा आपला अनुभव आहे. प्रवासाच्या बाबतींतही हाच विवेक ठेवावा. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन खुशाल जावें, पण ती हौस आपली आहे हें ओळखून. त्याच्या स्वतःच्या आनंदाला घरामागची बाग आणि मोकळा बाप एवढें पुरतें.

वय साधलें म्हणजे काम झालें असेंही नाहीं. आठवण पुन्हां पुन्हां सांगितल्यानें पक्की होते. न्यूझीलंडमधील मावरी लोकांची पहिली आठवण सरासरीनें सुमारें पावणेतीन वर्षांची, तर तेथील युरोपीय वंशाच्या लोकांची सुमारें साडेतीन वर्षांची असल्याचें २००० सालच्या एका अभ्यासांत आढळलें. मावरी घरांत कुळाच्या व भूतकाळाच्या गोष्टी सांगण्याची चाल फार, हें त्याचें एक कारण मानतात. ही चाल आपल्या एकत्र कुटुंबांतही आहे, ती मोडूं देऊं नये. परत आल्यावर मुलाला “मजा आली का?” एवढेंच विचारलें तर तें “हो” म्हणून खेळायला पळतें. “होडी हललीं तेव्हां आजोबांनीं काय धरलें होतें? रांगेंत पुढें कोण उभें होतें? तुला भीति कशाची वाटली?” असें विचारावें, म्हणजे गोष्ट त्याच्या तोंडून उलगडते.

मात्र सांगतांना गोष्ट आपली बनवूं नये. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लहानपणीं डिस्नेच्या उद्यानांत गेलेल्या तरुणांना एक बनावट जाहिरात दाखविली. तींत बग्ज बनी हा ससा पाहुण्यांशीं हस्तांदोलन करीत होता. जाहिरात पाहिलेल्यांना आपणही त्याचा हात हातांत घेतला होता, अशी खात्री अधिक वाटूं लागली. वस्तुतः तो ससा वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्या कंपनीचा; डिस्नेच्या उद्यानांत तो असणें शक्यच नव्हतें. स्मृति इतकी भोळी असते. म्हणून मुलाला आपलें आठवलेलें सांगूं द्यावें, आणि तें आपल्याहून वेगळें निघालें तरी त्याची चूक काढण्याची घाई करूं नये. फोनवर शेंकडों छायाचित्रें काढण्यापेक्षां दहावीस निवडून त्यांचा छापील संग्रह करावा व तो मुलांच्या हाताशीं ठेवावा.

राहतां राहिला एकत्र कुटुंबाचा पेंच. घरांत एक नातवंड दोन वर्षांचें, एक सहाचें, एक दहाचें. आजोबा पंचाहत्तरीला आलेले. धाकट्याला आठवावें म्हणून चार वर्षें थांबलें, तर थोरला चौदा वर्षांचा होऊन मित्रांबरोबर जाऊं म्हणेल, आणि आजोबांचे गुडघे तोंवर साथ देतीलच असें नाहीं. अशा वेळीं मधल्या मुलाचें वय प्रमाण धरावें आणि निघावें. कारण मुलाच्या आठवणींत राहतात ते पाळणे थोडे, आणि बरोबरचीं माणसें अधिक. सहा वर्षांच्या नातीला आजोबांनीं टोपी सांवरीत मारलेली हांक पन्नास वर्षांनींही ऐकूं येईल. तिनें दहा वर्षांची होईपर्यंत थांबावें असें ठरविलें, तर कदाचित् ती हांक तेथें नसेल. दूरचा, खर्चाचा प्रवास पेलत नसेल तर जवळचा करावा. मुलाच्या स्मृतीला डिस्नेलॅण्ड आणि खोपोली यांतलें अंतर ठाऊक नसतें. धाकट्यासाठीं हळहळूं नये. घरीं आल्यावर रात्रीं जेवणें झालीं कीं, थोरल्या भावंडांनीं त्याला मांडीवर घेऊन तूं तेथें काय काय केलेंस तें सांगावें. आठवण त्याची नसली तरी आपण त्यांच्यांत होतों, एवढें त्याला कळेल. आणि ज्या आजीला गर्दीचा त्रास म्हणून घरीं राहावें लागलें, तिला सारी हकीकत पहिल्यापासून सांगण्याचें काम सहा वर्षांच्या नातीकडे सोंपवावें.