खाणीतून आलेले व्यवस्थापनशास्त्र

फ्रान्समधील कोमाँत्रीच्या कोळसाखाणीत १८६० साली अभियंता म्हणून रुजू झालेले आँरी फायोल १८८८ मध्ये त्या डबघाईला आलेल्या कंपनीचे प्रमुख झाले आणि १९१८ मध्ये निवृत्त होताना त्यांनी ती भक्कम आर्थिक स्थितीत सोडली. या यशाचे श्रेय त्यांनी आपल्या कार्यपद्धतीला दिले, आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात नियोजन, संघटन, आदेशन, समन्वय व नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच कार्ये आणि चौदा तत्त्वे मांडली.

त्यांपैकी आदेशाची एकता, म्हणजे कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळणे, हे तत्त्व सर्वपरिचित आहे; परंतु अधिकारश्रेणीच्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांच्या साखळीच्या, तत्त्वाला त्यांनी जोडलेली सेतूची कल्पना त्याहून मोलाची आहे. दोन विभागांतील समान दर्जाच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक प्रश्न शिखरापर्यंत चढवून पुन्हा खाली आणण्याऐवजी, आपापल्या वरिष्ठांच्या संमतीने व त्यांना माहिती देत, तो थेट परस्परांत सोडवावा, असे ती सांगते. शिस्त न मोडता विलंब टाळणारा इतका सुज्ञ उपाय अनेक कार्यालयांना आजही हवा आहे.

कौशल्यांविषयी फायोल यांचे निरीक्षण असे, की कामगाराच्या बाबतीत तांत्रिक क्षमता प्रधान असते, मात्र पद जसजसे उंचावते तसतसे व्यवस्थापनक्षमतेचे महत्त्व वाढत जाते, आणि म्हणूनच तिचे शिक्षण शाळांपासून दिले जावे, असा त्यांचा आग्रह होता.