तोराहचे कर्तृत्व आणि एक कर्मचिन्ह

ग्रंथाचा कर्ता कोण, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राचा किंवा इतिहासाचा मानला जातो. परंतु त्याचे उत्तर देताना भाषेविषयीचा एक सिद्धान्तही आपण नकळत स्वीकारीत असतो. यहुदी परंपरेतील तोराहच्या अर्थनिर्णयावरून हे चांगले ध्यानात येते.

हिब्रू भाषेत निश्चित कर्मापूर्वी ‘एत्’ हे अव्यय येते. मराठी वाचकास हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. लोहाऱ्याच्या बाजारातून परतलेला शेतकरी ‘बैल पाहिला’ असे म्हणतो. विशिष्ट बैल अभिप्रेत असल्यास ‘त्या बैलाला पाहिले’ असेही म्हणतो. या ‘ला’मध्ये कोणी गूढार्थ शोधीत नाही. तोराहच्या ‘एत्’मध्ये मात्र तो शोधला गेला. शिमोन हाअम्सूनी प्रत्येक ‘एत्’मधून काही अधिक अर्थ काढीत असे. ईश्वराचे भय धरण्याची आज्ञा आली, तेव्हा तो थांबला. ईश्वराच्या जोडीस दुसरे कोणास बसवावे? पुढे रब्बी अकिवाने तेथे विद्वानांचा समावेश केला, असे तालमूद सांगते.

अकिवाचा समकालीन रब्बी इश्माएल याची भूमिका निराळी होती. गणना ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात ‘उच्छेद होणे’ या अर्थाचा धातू जोडीने येतो. अकिवाने त्यातून इहलोक आणि परलोक असे दोन उच्छेद काढले. इश्माएलच्या मते तोराह मनुष्यांच्याच भाषेत बोलते. द्विरुक्ती ही केवळ बोलण्याची रीत. तोराह ईश्वरप्रणीत आहे, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. वाद होता तो ईश्वराच्या वाणीस लोकव्यवहाराचे व्याकरण लागू पडते काय, याविषयी.

इ. स. १६७० मध्ये स्पिनोझाने मोशेच्या कर्तृत्वावर आक्षेप घेतले. १८७८ मध्ये वेलहाउझेनने अनेक स्रोतांचा सिद्धान्त मांडला. त्या दृष्टीने एकाच कथेची पुनरुक्ती हा गूढार्थ नव्हे आणि लकबही नव्हे. तो भिन्न लेखकांचा पुरावा ठरतो. कर्त्याविषयीची कल्पना बदलताच पुनरुक्तीचे स्वरूपही बदलते.

तथापि, ग्रंथाचे प्रामाण्य जितके श्रेष्ठ तितकी त्याची भाषा अलौकिक, असा नियम मात्र करता येत नाही. मीमांसकांनी वेदास कर्ताच नाही असे मानले, पण लौकिक आणि वैदिक शब्द एकच, असेही प्रतिपादिले. भाषेपुरते ते इश्माएलच्या निकट येतात.

हा वाद महाराष्ट्रास परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. तोराह मराठीत आणताना ‘एत्’चा ‘ला’ होतो, किंवा तो लोपतो. द्विरुक्त धातूच्या जागी ‘खास’ अथवा ‘निश्चये’ येते. भाषांतरकार कितीही श्रद्धाळू असो, त्याच्या हातून निर्णय इश्माएलच्या बाजूने होतो. अकिवाचा अर्थ ज्यास हवा, त्याने मूळ हिब्रूकडेच गेले पाहिजे.