शाळेचे गणित आणि क्लासचे गणित : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीपासून पनवेलपर्यंतच्या सेक्टरांत, जेथे एकाच इमारतीत राज्य मंडळाचे, सीबीएसईचे आणि आयसीएसईचे विद्यार्थी शेजारी शेजारी राहतात आणि तळमजल्याच्या गाळ्यात अबॅकसचा क्लास, तर वरच्या मजल्यावर एखाद्या बाईंची घरगुती शिकवणी चालते, तेथे पालकांच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकू येते : शाळेत एका रीतीने गणित शिकवतात, क्लासमध्ये दुसऱ्या रीतीने, आणि मूल मधल्यामध्ये गोंधळते. तक्रार खरी आहे; परंतु तिच्या पोटात दडलेल्या समजुतींपैकी बऱ्याचशा पुराव्याच्या कसोटीला उतरत नाहीत, आणि त्यांची रुजुवात झाल्यावाचून मुलाच्या वहीतला घोटाळा मिटणे कठीण.

सर्वांत दृढ समज असा की, प्रत्येक क्रियेची बरोबर रीत एकच असते आणि दुसरी रीत दाखविणारा मुलाला बिघडवितो. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे, आणि ते एकदा सोडवून आचार्य थांबत नाहीत. १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडून, १२ म्हणजे तीन चोक म्हणून आधी एकाने व मग दुसऱ्याने गुणून, १० ने गुणून त्यात दुप्पट मिळवून, इतकेच नव्हे तर २० ने गुणून त्यातून आठपट वजा करूनही १६२० हेच उत्तर येते, असे तेथे दाखविले आहे. रीतींची अनेकता हा आपल्या गणिताचा जुना शिरस्ता आहे.

मग गोंधळ होतो तो कशाने? ५२ वजा २७ हे साधे उदाहरण घेऊ. शाळा सांगते : २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ५ दशकांतले एक दशक सुटे करा, १२ मधून ७ गेले, राहिले ५, उरलेल्या ४ दशकांतून २ गेले, राहिले २, उत्तर २५. घरी आजोबा सांगतात : १२ मधून ७ गेले ५, हातचा १, तो खालच्या २ ला मिळवून झाले ३, ५ मधून ३ गेले २. अबॅकसच्या क्लासमध्ये आधी २० काढून ३२ करतात, आणि ७ काढण्यासाठी एक दशक काढून त्याचा ‘बिग फ्रेंड’ ३ परत मिळवितात, पुन्हा २५. शाळेने वरच्या संख्येतले दशक मोडले. आजोबांनी दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळविले, त्यामुळे फरक कायम राहिला. आणि अबॅकसने ७ म्हणजे दहाला तीन कमी, या ओळखीचा उपयोग केला. आता ज्या मुलाला यांतले ‘का’ कोणीच सांगितले नाही, ते शाळेप्रमाणे ५ चे ४ करते, आजोबांप्रमाणे खालच्या २ चे ३ करते, आणि ४ मधून ३ घालवून उत्तर लिहिते १५. वहीतली ही चूक नीट पाहावी : एका रीतीचा पूर्वार्ध दुसरीच्या उत्तरार्धाला जोडला गेला आहे. अशा मुलाला आळशी किंवा मंद म्हणणे हा त्याच्यावर उघड अन्याय होय.

दुसरा समज, शाळेची रीत लांबलचक म्हणून मागासलेली आणि क्लासची आखूड म्हणून प्रगत. ४७ गुणिले ३६ करताना शाळेत चौकट आखून १२००, २४०, २१० आणि ४२ असे चार गुणाकार लिहवून घेतात व त्यांची बेरीज १६९२ येते. ‘वैदिक गणिता’च्या क्लासमधील मूल उभे-तिरपे गुणून तेच उत्तर एका ओळीत लिहिते, मात्र तिरप्या गुणाकारांची त्याची ४५ ही बेरीज म्हणजे चौकटीतल्या २४० आणि २१० यांचीच ४५ दशके आहेत. चौकटीचे महत्त्व पुढे माध्यमिक शाळेत कळते, कारण बीजगणितातील द्विपदींचा गुणाकार याच चार घरांनी होतो. आणि जाता जाता सांगावयास हवे की, पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचा ‘वैदिक गणित’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६५ साली प्रसिद्ध झाला, व त्यातील सूत्रे अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत आढळत नाहीत, हे त्याच्या संपादकांनीच नमूद केले आहे. युक्त्या बरोबर आहेत. त्यांना वेदांचा दाखला लागत नाही.

क्लासच्या रीतीने सोडविल्यास गुण कापले जातात, ही भीती बहुतांशी निराधार आहे. सीबीएसईच्या दहावीच्या गुणदान-योजनेत पर्यायी बरोबर रीतीला गुण देण्याची मुभा असते. मात्र ‘मूळ अवयव पाडून मसावि काढा’ असे प्रश्नातच म्हटले असेल, तर परीक्षा त्या रीतीचीच आहे; आणि मनात हिशेब करून नुसते उत्तर मांडणाऱ्या मुलाचे पायऱ्यांचे गुण जातात, ते योग्यच आहे.

रीत बदलली की जुनी हद्दपार झाली, असेही आपण फार लवकर गृहीत धरतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाला जागा मिळाली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी येतात, या अडचणीवर तो उपाय होता. जुनी नावे रद्द झालेली नाहीत, हे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना वारंवार सांगावे लागले. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आणि आजीशी मराठीत बोलणाऱ्या नवी मुंबईच्या मुलाला ही अडचण रोजची आहे.

शाळा आणि क्लास यांनी आपापसांत मसलत करून घ्यावी, ही अपेक्षा मात्र व्यवहारात टिकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ अन्वये शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई असल्यामुळे दोन्हीकडचे शिकविणारे भिन्न असतात, आणि त्यांची गाठ सहसा पडत नाही. म्हणून तजवीज पालकांनीच केली पाहिजे. माझे मत स्पष्ट आहे : नवी क्रिया प्रथम शाळेच्या रीतीने पक्की व्हावी, मुलाने तिचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि मगच क्लासने आपली आखूड वाट दाखवावी; जो क्लास हा क्रम नाकारतो व केवळ वेगाच्या स्पर्धांवर मुलांना जुंपतो, तेथे प्राथमिक वर्गातले मूल पाठवू नये. क्लासमध्ये नाव घालतानाच शाळेचे पाठ्यपुस्तक तेथील शिक्षकांच्या हाती द्यावे. एनसीईआरटीची आणि बालभारतीची पुस्तके त्या त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उतरवून घेता येतात.