पाण्यातला प्रकाश आणि १८५०चा निकाल

प्रकाशाच्या स्वरूपाचा इतिहास बहुधा लंबकाच्या हेलकाव्यांसारखा सांगितला जातो. न्यूटनने प्रकाशाला कण म्हटले, यंग आणि फ्रेनेलने तो तरंग ठरवला, आइन्स्टाइनने कण परत आणले, आणि शेवटी ‘दोन्ही खरे’ म्हणून तडजोड झाली. ही गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे, पण ती विज्ञानावर अन्याय करते; शास्त्रज्ञांचे मत दर शतकाला फिरत राहिले असा समज तिच्यातून होतो. न्यूटनच्या कणांचा अंतिम निकाल ज्या प्रयोगाने लावला असे म्हणतात, तो पॅरिसमधला १८५०चा प्रयोग नीट तपासला तर दिसते की तेव्हा जे खोडले गेले ते आजतागायत परत आलेले नाही.

वाद अपवर्तनाचा होता. हवेतून पाण्यात शिरणारा किरण स्तंभिकेकडे झुकतो. ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) न्यूटनने अशा झुकण्याचे गणित मांडले: दाट माध्यम कणाला पृष्ठभागापाशी आत ओढते. ही ओढ पृष्ठभागाला लंब असल्यामुळे वेगाचा समांतर घटक तसाच राहतो आणि लंब घटक वाढतो. म्हणून मार्ग झुकतो. मात्र मग पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे ४/३ पट व्हायला हवा. हायगेन्सच्या १६९०च्या ग्रंथात नेमके उलटे आहे: तरंगाग्राचा जो भाग आधी पाण्यात शिरतो तो मंदावतो, म्हणून अग्र वळते आणि वेग ३/४ पट उरतो. अपवर्तनाचा कोन दोघांच्याही गणितातून अचूक मिळतो. त्यामुळे कोन कितीही काळजीपूर्वक मोजला तरी निवाडा होणार नव्हता. वेगांचीच तुलना हवी होती. रोमरने १६७६मध्ये गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले होते खरे, पण त्यासाठी त्याला पृथ्वीच्या कक्षेच्या व्यासाएवढे अंतर हाताशी होते. खोलीत मावणाऱ्या पाण्याच्या नळीत ही तुलना करायची कशी? वेगाने फिरणाऱ्या आरशाचा मार्ग अरागोने १८३८मध्ये सुचवला. पुढे त्याची दृष्टी अधू झाली आणि काम फुकोने पूर्ण केले. एक किरण हवेतून, दुसरा ३ मीटर लांबीच्या पाण्याच्या नळीतून जाऊन त्याच आरशावर परत येई. तेवढ्या क्षणात आरसा किंचित वळलेला असे, आणि ज्या किरणाला उशीर झाला त्याची प्रतिमा जास्त सरके. पाण्यातून आलेल्या किरणाची प्रतिमा जास्त सरकली. वेगाचा आकडा फुकोने तेव्हा काढला नाही, तो १८६२मध्ये काढला. १८५०मध्ये कोण मागे पडतो एवढेच कळणे पुरेसे होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: तरंगवाद तर आधीच जिंकला होता. फ्रेनेलच्या गणितानुसार गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध प्रकाशाचा ठिपका पडायला हवा, असे पॉयसाँने तो सिद्धान्त हास्यास्पद ठरवण्यासाठी काढून दाखवले. अरागोने प्रयोग केला, ठिपका दिसला, आणि १८१९मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक फ्रेनेलला मिळाले. हे मान्यच आहे. १८५०पर्यंत कणवादाचे समर्थक थोडेच उरले होते. तरीही फुकोच्या प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही, कारण दोन्ही पक्षांची भाकिते थेट एकमेकांविरुद्ध होती.

पण तिथे पडले काय? पिएर द्यूएमने १९०६मध्ये याच प्रयोगाबद्दल लिहिले की प्रयोग एकट्या गृहीतकाची परीक्षा घेत नाही, गृहीतकांच्या अख्ख्या जुळणीची घेतो. पडली ती जुळणी अशी: प्रकाश कणांचा आहे, पदार्थ त्या कणांना ओढतो, ओढीमुळे त्यांचा वेग वाढतो. आइन्स्टाइनच्या १९०५च्या प्रकाशपुंजात, म्हणजे आजच्या फोटॉनमध्ये, ही ओढ कुठेच नाही. त्याची ऊर्जा वारंवारतेवरून ठरते, म्हणजे तरंगाच्याच मापावरून. १९२४मध्ये ढाक्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचा प्रारणाचा नियम सिद्ध केला तो प्रकाशपुंज एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत अशा रीतीने मोजून. न्यूटनचे कण असे मोजताच आले नसते.

मग प्रयोगाने काहीच कायमचे ठरत नाही, असे कोणी म्हणेल. तसे नाही. पडलेली जुळणी पुन्हा उभी राहिली नाही. तरंगवादातही फ्रेनेलची समीकरणे टिकली, तरंगांचे माध्यम म्हणून मानलेला ईथर गेला. एवढेच की हीच सावधगिरी दुसऱ्या बाजूलाही लावावी लागते. प्रकाशविद्युत परिणाम हा फोटॉनचा निर्विवाद पुरावा मानतात. पण अणू पुंजवादी आणि प्रकाश जुनाच तरंग असे धरूनही त्याची मुख्य लक्षणे मिळतात, हे लॅम्ब आणि स्कली यांनी १९६९मध्ये दाखवले. खरा भक्कम पुरावा त्यानंतरचा आहे. १९८६मध्ये फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला. आरशापासून फुटणाऱ्या दोन मार्गांवरच्या शोधकांत तो एकाच वेळी जवळजवळ कधीच नोंदला गेला नाही, आणि तेच दोन मार्ग पुन्हा एकत्र आणल्यावर व्यतिकरण मिळाले.

विज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. फुकोच्या प्रयोगापुढे ‘प्रकाश कण नाही हे सिद्ध झाले’ असे लिहू नका. ‘न्यूटनने कल्पिलेली ओढ नाही हे सिद्ध झाले’ असे लिहा. विद्यार्थ्याला हे वाक्य पुढे फोटॉन शिकताना विसरावे लागणार नाही.