साडेतीन मुहूर्तांचं आभाळ

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण मुहूर्त, बलिप्रतिपदा अर्धा. या दिवसांना पंचांग पाहावं लागत नाही, असं आपण म्हणतो. पण याच दिवसांचं पंचांग मुद्दाम उघडावं, असं माझं सांगणं आहे. त्या दिवशी आकाशात काय असतं ते कळलं, की सणाने आपल्याकडून काय मागितलंय तेही कळतं.

सणांचा हा आढावा मी सुप्यातून घेतोय, त्याला कारण आहे. पुणे–नगर रस्त्यावरच्या या पारनेर तालुक्यातल्या गावात एमआयडीसीची पाळी इंग्रजी तारखेवर चालते आणि रानातली पेरणी नक्षत्रावर. एकाच घरात थोरला मुलगा कंपनीची बस पकडतो आणि वडील हस्ताच्या पावसाची वाट पाहतात. इथे ज्योतिष पुस्तकात राहत नाही.

अक्षय्य तृतीयेपासून सुरुवात करू. त्या दिवशी सूर्य सहसा मेषेत असतो आणि चंद्र वृषभेत. ज्योतिषात या दोघांच्या या उच्च राशी. सूर्य आत्म्याचा कारक, चंद्र मनाचा. दोघेही एकाच वेळी बळकट. अशा दिवशी केलेलं क्षय पावत नाही, ही श्रद्धा त्यातून अर्थपूर्ण होते. आणि केलेलं म्हणजे काय? आपल्या भागात मातीचा करा पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजतात, ऐन वैशाखात पाण्याचं दान देतात. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. इथे उन्हाळ्यातला भरलेला करा सोन्याहून मोलाचा आहे, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सराफाच्या जाहिरातींनी या दिवसाची खरेदी केली, दान मागे पडलं. मला त्याचं वाईट वाटतं.

साधारण सहा महिन्यांनी चित्र उलटं होतं. आश्विन अमावास्येला सूर्य तुळेत, म्हणजे आपल्या नीच राशीत असतो आणि चंद्र दिसतच नाही. वर्षभर ज्यांच्या उजेडावर जगायचं, ते दोघेही त्या रात्री बळहीन. लक्ष्मीपूजन नेमकं याच रात्री का, याचं उत्तर मला इथे सापडतं. बाहेरचा प्रकाश कमी पडला की माणसाने आपल्या हाताने दिवा लावायचा. दिवाळीला याहून मोठा आध्यात्मिक अर्थ मला तरी माहीत नाही.

ही रात्र कोणती, यावरून वाद होतात. 2024 मध्ये उत्तरेत बऱ्याच ठिकाणी 31 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबरला. व्हॉट्सअॅपवर पंचांगकर्त्यांना नावं ठेवली गेली. त्यात त्यांची चूक नव्हती. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांहून मोठी. ती मध्यरात्री बदलणाऱ्या तारखेत बसत नाही. त्या वर्षी अमावास्या 31 तारखेला दुपारी लागली आणि 1 तारखेला सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने संपली. दोन्ही दिवशी प्रदोषकाळाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या नियमाने आपली पंचांगं गेली. असे निर्णय ज्या ग्रंथातून काढतात, तो ‘धर्मसिंधु’ पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 मध्ये पूर्ण केला. मुळात मराठी मुलखातलंच हे काम.

सगळ्यात जास्त रमावं असा सण मात्र नवरात्र. सुप्याच्या परिसरात घट बसतो तो रानातल्या काळ्या मातीवर. परडीत किंवा पत्रावळीवर चाळलेली माती, तीत गहू, ज्वारी, हरभरा असं धान्य, मधोमध मातीचा घट. घटातून झिरपणाऱ्या पाण्यावर धान्य उगवतं, वर रोज एक माळ चढते. घरातल्या सावलीत वाढलेले ते कोंब नवव्या दिवशी वीतभर आणि पिवळसर असतात. दसऱ्याला ते टोपीत खोचतात. सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी याच सुमारास होते. म्हणून जाणत्या माणसाचं लक्ष कोणतं बी जोरात उगवलं यावर असतं. देवीची उपासना आणि बियाण्याची परीक्षा एकाच मातीत. शक्ती बीजात असते आणि तिला अंधार, ओल, नऊ दिवसांची राखण लागते, हे इथे कुणी प्रवचनातून शिकत नाही. खंडेनवमीला तीच भावना कारखान्यात जाते. यंत्र पुसून त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो.

पौष महिन्यात लोक लग्नं धरत नाहीत. पण त्याच पौषाच्या पौर्णिमेला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागलं, असं परंपरा मानते. पारनेर तालुक्यातल्या पिंपळगाव रोठ्याला, कोरठण खंडोबाची मोठी यात्रा तेव्हाच भरते. चंद्र त्या सुमारास पुष्य नक्षत्रात असतो, पुष्याची देवता बृहस्पती. ज्या महिन्याला आपण वर्ज्य म्हणतो, तोही देवाला वर्ज्य नाही. शुभाशुभाचा धाक घेऊन जगणाऱ्यांनी ही यात्रा अवश्य पाहावी. शनी अमावास्येला शिंगणापूरला लोटणाऱ्या गर्दीबद्दलही हेच म्हणेन. एका राशीत अडीच वर्षं थांबणारा शनी कष्टाचा आणि धीराचा ग्रह आहे. तेल वाहून तो लवकर निघून जावा, ही अपेक्षा त्याच्या स्वभावाला धरून नाही.

संक्रांतीची गोष्ट थोडक्यात. 12 जानेवारी 1863 ला स्वामी विवेकानंद जन्मले, तो मकर संक्रांतीचा दिवस होता. आता संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. अयनचलनाने साधारण 72 वर्षांत एक अंशाचा फरक पडतो, म्हणून ही तारीख हळूहळू पुढे सरकते. खरं उत्तरायण तर 22 डिसेंबरच्या आसपासच सुरू झालेलं असतं. यामुळे सण खोटा ठरत नाही. उजेडाकडे वळण्याचा संकल्प तिळगुळाबरोबर करायचाच असतो.

यंदा लक्ष्मीपूजनाची वेळ पाहायला पंचांग उघडाल, तेव्हा त्याच पानावर सूर्याची रास आणि चंद्राचं नक्षत्रही वाचा. जवळ मुलं असतील तर त्यांना गच्चीवर नेऊन ते काळं आभाळ दाखवा आणि पहिली पणती त्यांच्याच हातून लावा.